वहीत नाव नाही

ट्रायफीना गेल्याचं कळलं तेव्हा एसाहेल हॉस्मर घाण्यावर सफरचंदांचा रस काढत होता. नदीपलीकडे लोहाराच्या बायकोचं बाळंतपण होतं, तिकडे ती गेली होती. परतताना होडी उलटली. निरोप घेऊन लोहार स्वतः आला. एसाहेलनं घाण्याचा घोडा सोडला, हात पुसले आणि संध्याकाळी रोजवहीत लिहिलं: ‘आभाळ निरभ्र. रस पिंपांत भरला. बायको नदीत बुडून मेली.’

लग्नापासूनचा एकेक दिवस त्या वहीत होता. कोणाला बैल दिले, कोणाकडून मीठ आणलं, गवत कापायला कोण आलं. वहीत नाही ते झालंच नाही, असं तो म्हणे. बायकांचं एकमेकींकडे जाणं-येणं त्यात नव्हतं. आज हिच्याकडे सूत कातायचं, उद्या तिच्या आजारी सासूपाशी बसायचं. त्याला तो नुसता चकाट्या पिटायचा बहाणा वाटे. ट्रायफीनाला तो तसं तोंडावर म्हणायचा. ती टोपी बांधायची आणि निघायची.

आता घरात दोन लहान मुली होत्या आणि हिवाळा तोंडावर आला होता. मुलींचे झगे आखूड झाले होते, कोपरांवर विरले होते. पण कोणापुढे हात पसरायचा नाही आणि बायकोच्या माथी कोणाचं देणं चिकटू द्यायचं नाही, एवढं त्यानं पक्कं ठरवलं होतं.

आठवड्याभरानं म्हातारी जेरुशा आणि गिरणीवाल्याची बायको मर्सी दारात येऊन उभ्या राहिल्या. जन्मल्यावर एसाहेलला पहिल्यांदा हातात घेतलं होतं ते या जेरुशानंच.

“अरे एसाहेल,” ती म्हणाली, “आमचा नि ट्रायफीनाचा हिशेब राहिलाय. तो मिटवायला आलोय.”

त्याचं डोकं फिरलं. थडग्यावरची माती अजून बसली नव्हती.

“वाटलंच होतं मला. मेलेलं माणूस नाही म्हणायला येत नाही. काय न्यायला आलात? पिसांची गादी, की तिची शाल?”

“अहो, आधी ऐकून तरी घ्या,” मर्सी म्हणाली.

“ऐकायचं काय त्यात? डोळ्यांनी बघा.” त्यानं वही आणून जेरुशाच्या हातात आदळली. “शोधा तुमचं नाव. या घरचं सगळं देणंघेणं यात आहे. चुलीपाशी बसून केलेले हिशेब मी मानत नाही.”

जेरुशाला वाचता येई, लिहिता येत नसे. तिच्या वयाच्या बायकांना तेवढंच शिकवलेलं. बोट फिरवत तिनं पानं उलटली. बैल, मीठ, डुकरं, पाऊस. मग वही मिटून त्याला परत दिली.

“आमचं नाव नाही खरं.”

“मग काही निघत नाही.”

“नीट विचार करून बोल. काहीच नाही?”

“काहीच नाही. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगतो हवं तर.”

“राहू दे. इथं सांगितलंस तेवढं पुरे.” जेरुशानं मर्सीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “गेल्या हिवाळ्यात माझ्या घरचं सगळं कापड तुझ्या बायकोनं विणलं. हिची सासू अंथरुणाला खिळली तेव्हा रात्र-रात्र उशाशी बसली. बदल्यात यंदा तुझी लोकर आम्ही कातायची, विणायची आणि पोरींचे कपडे शिवून द्यायचे, असं ठरलं होतं. चरखे गाडीत आहेत.”

एसाहेलनं फाटकाकडे पाहिलं. गाडीतून चाकांच्या कडा वर आलेल्या दिसत होत्या. आत धाकटी खोकत होती.

“चुकलो म्हण,” जेरुशा म्हणाली. “आता उतरवते चरखे.”

एकट्या जेरुशापुढे त्यानं एक वेळ तसं म्हटलंही असतं. पण मर्सी होती. तिच्या तोंडून ते संध्याकाळपर्यंत गिरणीवर पोहोचलं असतं.

“माझ्या वहीत नाही ते मी घेत नाही,” तो म्हणाला.

“चल गं मर्सी,” जेरुशा म्हणाली. “एवढा शहाणा माणूस सांगतोय तर आपण सुटलो. ती वेडी फुकट राबली म्हणायचं.”

पहिलं बर्फ पडलं तेव्हा लोकर अजून पिंजायचीसुद्धा राहिली होती.