दसऱ्यातला वाढदिवस

ईश्वरीचा सातवा वाढदिवस खरं तर जानेवारीत. पण तेव्हा तिचे आईवडील कारखान्याकडे ऊसतोडीला गेलेले असणार, म्हणून जामखेडजवळच्या आमच्या वस्तीवर तो दसऱ्यालाच साजरा झाला. तिची आई अश्विनी हाताची मोठी हुशार. जुन्या लग्नपत्रिकांच्या पताका, वेफरच्या पुड्यांची चमकती फुलं, विरलेल्या साडीच्या काठाची झालर. वाण्याला तिनं एका फुग्याचाही नफा होऊ दिला नाही.

"अगं, तीन महिने आधीच?" मी चिडवलं.

"तारखेचं काय घिऊन बसलाय, काकू? आमी लेकरापाशी हाय, तवाच तिचा वाढदिवस."

दुसऱ्या दिवशी टोळीचा ट्रॅक्टर निघाला आणि ईश्वरी आजीपाशी राहिली.

डिसेंबरातल्या एका सकाळी पाहते तर पोरीनं दारात काठी उभी केलेली. वर आजीचा खण, उपडा तांब्या आणि साखरेच्या गाठीऐवजी कापसाच्या गोळ्या ओवलेली माळ. आईचा हात तिच्यात पुरता उतरला होता.

"येडे, गुढीपाडव्याला अजून लई दिवस हायती!" मी हसत म्हणाले.

तिनं माझाच मोबाईल मागितला आणि आईला फोन लावला.



"आई, तू पाडव्याला येते म्हणली हुतीस न्हवं? मी आजच पाडवा केला. आता ये."