तिसरा नमुना

दुसरा नमुनाही नापास झाला होता. लंडनच्या बर्गर कंपनीने या खेपेला थोडक्यातच आटपलं होतं. पोत उत्तम, चव जवळपास. पण आमची गिऱ्हाइकं बीफ सोडून या फणसाच्या पॅटीकडे वळणार आहेत, त्यांना फरक जाणवता कामा नये. तिसरा नमुना शेवटचा.

स्वानंदीने मेल मोठ्याने वाचून दाखवला.

"फरक कशापासून गो?" तिची आई, दीपाली, कोवळा फणस वाफवता वाफवता म्हणाली. "तुझ्या आईने जन्मात अंडं खाल्लं नाही."

आंब्याचा हंगाम सरला की त्यांचा पल्पचा कारखाना बंदच असायचा. ही ऑर्डर मिळाली तर तो वर्षभर चालणार होता. नाही मिळाली, तर कारखाना विकून पुण्याला मामाकडे बिऱ्हाड आणि स्वानंदीची दहावी तिकडे. स्वानंदीला पुणं नको होतं. आत्ता कुठे ती वर्गात हात वर करून बोलायला लागली होती, आणि एकदा लागली ती थांबेचना.

"एवढ्या मोठ्याने ते नाव घेऊ नको," कमलाआजी दाराशी खुर्चीत बसून म्हणाली.

"आजी, अगं बीफ नाहीच आहे ते. आपल्याच परड्यातला फणस आहे."

"फणस आहे तर फणस म्हण."

पॅटीचं खूळ सुरू झाल्यापासून आजीने आपला चहासुद्धा वेगळ्या शेगडीवर करायला घेतला होता. कांदालसणाला हात न लावणारी बाई. तिच्यापुढे कोण काय बोलणार?

शेवटी स्वानंदीलाच सुचलं. "काशीरामकाका! अर्धं आयुष्य बोटीवर होते. त्यांनी सगळं खाल्लंय."

"मी बोलावलं असं नको सांगू," दीपाली म्हणाली, आणि लगेच पदराने खुर्ची पुसली.

काशीराम शेजारचाच. आला, ऐसपैस बसला. दीपालीने तव्यावरची पॅटी पावात घालून पुढे केली. तो सावकाश चावत राहिला. स्वानंदी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "डोळे मिटले की मी रॉटरडॅमला."

"म्हणजे तसंच लागतंय?"

"हुबेहूब. गोऱ्याचा बापसुद्धा ओळखणार नाही. बिनघोर पाठवा."

दीपालीने तवा खाली उतरवला. हसली, मग डोळे पुसले. स्वानंदीने बर्फाचा डबा ओढला आणि ताटातल्या पॅट्या एकेक करून कागदात गुंडाळायला घेतल्या. कुरियरवाला थोड्या वेळात येणार होता.

"थांब गो जरा," आजी म्हणाली.

ती उठली, ओट्यापाशी आली. ताटातल्या एका गार पॅटीचा कोपरा मोडला.

"काकू, तुम्ही?" काशीरामचा घास हातातच राहिला.

"फणसच आहे ना?"

तिने तुकडा तोंडात टाकला. घाईने गिळला नाही. खिडकीबाहेर बघत चघळत राहिली, इतक्या शांतपणे, की स्वानंदीला वाटलं, आता ही देवघरात जाऊन नाक घासणार.

"काशीराम," ती म्हणाली, "मेल्या, तू बोटीवर आमटीभातच खात होतास."

काशीराम खोकला. "म्हणजे काकू, तसं बघितलं तर... आमचा भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारी, गोयंचा होता. मासेच जास्त करायचा. गोऱ्यांच्या बीफचा वास मात्र रोज यायचा हो."

दीपालीने त्याच्याकडे बघितलं, मग गुंडाळलेल्या पॅट्यांकडे. "म्हणजे हाही नमुना नापास होणार," ती हळूच म्हणाली.

"कशाला होईल? कुरियरवाल्याला उद्या ये म्हणावं." आजीने हात धुतले आणि पदराला पुसले. "सारणात चांगलं घट्ट कोकमतेल घाल. खरं बीफ जरा गार झालं, की टाळूला चिकटून राहतं."