बेक्तेनची पाळी

दोन्ही डाव्याच पायाचे रबरी बूट.

मॉस्कोत फरश्या बसवणारा भाऊ, आणि त्याच्या मागोमाग गेलेली वहिनी.

त्यांची झोपेत दात खाणारी मधली मुलगी.

किर्गिझ गावचा मेंढ्यांचा कळप: आज या घराने राखायचा, उद्या त्या.

झुराकानने फक्त कोळसा मागितला होता. भाऊ-वहिनीने तिच्याकडे ठेवलेली तिन्ही पोरं हिवाळाभर तिच्या एका उबदार खोलीत राहिली असती. पण गाव उदार. अख्खी आळी अंगणात जमली; कुणी पीठ आणलं, कुणी ते बूट.

“एकटी बाई, तीन पोरं,” गावातले वडीलधारे मामासाली आजोबा म्हणाले. “मग गाव कशाला आहे? एकेक घर एकेक पोर नेईल.”

“आजोबा, मला नुसता कोळसा...”

“तू चहा ओत गं पोरी. दमलीयेस.”

शेजारच्या गुलिपाने थोरल्याचे दंड चाचपले. “हा मला. गोठा साफ करेल.” सोनुनबूने मधलीचे हात उलटसुलट करून पाहिले. “धार काढतेस का गं? मग चल.”

चार वर्षांचा बेक्तेन उरला.

“हा अंथरूण ओलं करतो म्हणे.”

“माझ्या गाद्या नव्या आहेत, बाई.”

“माझ्याकडे आधीच एक आहे तसला. माझा नवरा!”

हशा पिकला. बेक्तेनही हसला.

“हा राहू दे माझ्याजवळ,” झुराकान म्हणाली.

“आणि गावाने नुसतं बघायचं? लाज आणशील आम्हाला.” आजोबांनी दाढीवरून हात फिरवला. “याची पाळी लावू. मेंढ्यांसारखी. आठवड्याला एक घर.”

“आधी कुणाकडे?” बेक्तेनने विचारलं. त्याला खेळच वाटला.

आजोबांनी दुवा द्यायला तळवे उघडले. अंगणातले सगळे हात वर झाले. दुवा झाली की ठरलेलं मोडता येत नाही. झुराकानने किटली खाली ठेवली, आणि जन्माच्या सवयीने तिचेही तळवे उघडले. “ओमीन” म्हणत ते चेहऱ्यावरून खाली ओढल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

“बघा,” गुलिपा म्हणाली, “कसा हलका झाला चेहरा हिचा.”

एप्रिलमध्ये वहिनी मॉस्कोहून परत आली. त्या आठवड्यात बेक्तेन कुणाकडे आहे, हे झुराकानला दारोदार विचारून सांगावं लागलं.