पाट्यावरचा हात

गणपतीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

वारलेल्या आजोबांची जुनी जीप माझी नात आसावरी नव्याने उभी करत होती. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे तिने घासून चांदीसारखे केले. पण आमची गुहागरची खारी हवा! रात्रीत पुन्हा गंज. तिसऱ्यांदा घासताना ती रडकुंडीला आली. "आजी, आता गंजले तर सगळी जीप भंगारात!"

"बरं हो," म्हणत मी कैऱ्यांना मीठ चोळत बसले.

सकाळी सगळे पाटे फिके तांबूस, पण एकावर गडद गंजाचा अख्खा हात उमटलेला. बोटं चारच! आमच्या ह्यांची करंगळी तरुणपणीच जीपच्या जॅकखाली गेलेली.

आसावरी त्या हातावर हात ठेवून कितीतरी वेळ बसली. "आजोबा भंगारात नको म्हणतायत गं."

"मग घास पुन्हा, आणि कोरडं पुसून लगेच तेल चोळ. लोणचं नाही का आपण तेलाखाली ठेवत?"

पाटे अजून लखलखतायत, रंगाची वाट बघत.

बरं, एवढं एकच रचलेलं. हात ह्यांचा नव्हता. मिठाने माखलेल्या माझ्या हाताची करंगळी अजून छान दुमडते.