बिननावाचा कागद

कागदावर नाव नव्हतं. प्रीतीने तो तिसऱ्यांदा वाचला.

‘परवा घाटावर गेलतो. पंचगंगेच्या पाण्याकडं बघत लई येळ बसलो. पोरीची आठवण झाली आन् माघारी फिरलो. फुडच्या खेपंला फिरीन का ठाव न्हाय.’

दुसरा कागद कोरा होता.

नागपूरहून कोल्हापुरात येऊन राजारामपुरीत समुपदेशन केंद्र उघडल्याला तिला दोनच महिने झाले होते. चहाच्या गाड्यावर सल्ला फुकट मिळणाऱ्या गावात तिच्याकडे येणार कोण? पण बाई जिद्दीची. एकाच पोथीला चिकटायचं नाही, हा तिचा बाणा. कुणाचं नुसतं ऐकावं, कुणाचं लहानपण उकरावं, कुणाला घरी अभ्यास द्यावा. माणूस बरा होतो तो नात्यानं, असं ती म्हणे, आणि समोरच्याला स्वतःच्या मनातलंही सांगून टाके.

जोतीराम आणि तानाबाई हे जोडपं गडमुडशिंगीहून दर गुरुवारी येई. घरातलं बोलणं बंद पडलं होतं. फाउंड्रीत राबणारा जोतीराम तासभर मान खाली घालून बसायचा. तानाबाईचं बोलणं ‘व्हय’ आणि ‘न्हाय’वर संपायचं. म्हणून प्रीतीने दोघांना एकेक कागद दिला होता. तोंडातून निघत नाही ते लिहा, नाव घालू नका, कुणाचा कुठला ते मी विचारणार नाही, असा शब्दही दिला होता.

विचारायची गरजच नव्हती. ‘बसलो’, ‘फिरलो’ लिहिणारा दोघांत एकच होता.

तिला चैन पडेना. शब्द मोडवेना आणि गप्पही बसवेना. शेवटी तिने तानाबाईला एकटीला बोलावलं आणि कागदाचं नाव न काढता म्हणाली, "मला तुमच्या यजमानांची फार काळजी वाटते. त्यांना एकटं सोडू नका."

तानाबाईने मान वर केली. "त्यास्नी?"

"हो. आता सगळं तुमच्यावर आहे."

"व्हय," म्हणून ती उठली.

पुढच्या गुरुवारी जोतीराम एकटाच आला, आणि चक्क हसत आला. बायको आठवडाभर सावलीसारखी मागे आहे, फाउंड्रीच्या फाटकापर्यंत डबा घेऊन येते, काल तर पोरीलाही आजोळी पोचवून आली, असं आपणहून सांगत सुटला. प्रीतीच्या जिवात जीव आला. एक माणूस हातचा जाता जाता वाचला होता.

"तानाबाई नाही आल्या?"

"ष्टँडवर उतरलो तर म्हणली, ‘आता तुमी बरं हायसा. व्हा म्होरं, मी घाटावर जाऊन येतो.’"

प्रीती हसली. "‘येते’ म्हणाल्या असतील."

"न्हाय की, बाई. आमच्या हितल्या बायका येतो, गेलतो असंच म्हणत्यात."