घरोघरी कानोसा

"साहेब, ही जनसुनावणी आहे, तर जनता कुठंय?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शमिकानं विचारलं खरं, पण नगरपरिषदेच्या रिकाम्या सभागृहात आपला आवाज एवढा खणखणीत वाजेल असं तिला वाटलं नव्हतं.

"जनतेला कशाला त्रास?" मुख्याधिकारी मान वर न करता म्हणाले. "घरोघरी 'कानोसा' यंत्र बसवलंय ना. माणसं घरात बोलतात ते ऐकून ते त्यांचं मत आम्हाला कळवतं. तुमच्या खो-खोच्या मैदानावर वाहनतळ होणार, उद्या खोदाई. एकाचीही हरकत नाही."

"माझ्या बाबांची आहे!"

साहेबांनी कुत्सितपणे हसून बटण दाबलं. भिंतीतून बाबांचाच आवाज आला, "काय ती धूळ! जाऊ दे एकदाचं ते मैदान."

शमिकाचे कान तापले. बाबा हे बोलले होते, पण झाडू मारताना, वैतागून.

"याला मत म्हणतात होय? उद्या ते तुम्हाला मसणात जा म्हणाले, तर जाल?"

घरी पोचताच ती दारातूनच ओरडली, "आई, बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाही. सगळ्या मुलींना घेऊन मैदानात बसणार. आणि तुम्ही दोघं तिथं येऊन स्वतःच्या तोंडानं 'नाही' म्हणणार आहात!"