‘होल्ति’चं मूळ

दगडाच्या कडेवर केसाएवढी रेघ होती. ग्विलिमने ओला अंगठा फिरवून पाहिला. रेघ पुसली गेली नाही. म्हणजे छिन्नी इथेच लावायची. जेवणाचा भोंगा झाला तसा त्याने दगड भिंतीला टेकवला आणि तो खाणकामगारांच्या खोपटात शिरला.

आत तीस माणसं, शेगडी, चहाची किटली. शेगडीजवळची सभेच्या अध्यक्षांची खुर्ची रिकामी. तिथे बसणाऱ्या म्हाताऱ्या रोबातला महिन्यापूर्वी कामावरून काढलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सभा भरवायची नाही, हा मालकांचा नवा हुकूम त्याने मानला नव्हता. तेव्हापासून, आता तू अध्यक्ष हो, म्हणून सगळे ग्विलिमच्या मागे लागले होते. तो दर वेळी म्हणे, “पुढच्या सोमवारी सांगतो.” त्याला चार मुलं होती, आणि दगड काढायला त्याच्या वाट्याला दिलेला कडा खाणीत सगळ्यात चांगला होता.

“विषय, आपला वेल्श शब्द ‘होल्ति’,” हवेल म्हणाला. “दगड चिरणे. गेल्या सोमवारी रूपं चालवून झाली. आज मूळ.”

“आज्ञार्थ राहिला की!” मागून कुणीतरी ओरडलं.

“तो पॅरी मुकादमाला विचार. त्याला तेवढाच येतो,” दुसरा म्हणाला.

हशा ओसरल्यावर हवेल उभा राहिला. “पॅरी म्हणतो, वेल्शमधले कामाचे सगळे शब्द इंग्रजांचे. बंदरावर जाऊन ऐका म्हणावं. आयरिश खलाशी चिरण्याला ‘स्कोल्त’ म्हणतात. त्यांचा शब्द आणि आपला, सख्खी भावंडं. इंग्रज यायच्या कितीतरी आधीची.”

दार उघडलं. दारात पॅरी होता, हातात वही घेऊन.

“ही सभा आहे?”

“कसली सभा, साहेब? चहा घेतोय. या, घोटभर घ्या,” हवेल म्हणाला.

“अध्यक्ष असला तर सभा. नसला तर गप्पा. गप्पांना माझी हरकत नाही.” पॅरीने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. “अध्यक्ष कोण आहे?”

ग्विलिमकडे कुणी पाहिलं नाही. तीस माणसं एकाच वेळी आपापल्या चहात बघत होती. आपल्याला वाचवायला बघताहेत, हे त्याला कळलं.

त्याने हातातला पेला खाली ठेवला.

“मी,” तो म्हणाला. “आणि सभा चालू आहे, पॅरी. तुला बोलायचं असेल तर आधी हात वर कर.”